तुळशीपाशी ऐकलेलं मंगलाष्टक

वैशाखात आमच्या अकोल्यात सकाळी नऊनंतर कुणी कुणाकडे जात नाही. ज्याला जावंच लागतं, तो डोक्याला दुपट्टा गुंडाळतो, खिशात कांदा टाकतो आणि घरच्यांकडे अशा नजरेनं बघून निघतो की जणू परत येण्याची खात्री नाही. आणि नेमक्या याच महिन्यात आम्ही लग्नं काढतो. डांबर चपलेला चिकटतं, नळाचं पाणी चहाला उकळल्यासारखं येतं, आणि आम्ही शालू नेसून, गजरे माळून मांडवात बसतो. दुसऱ्या गावचे पाहुणे हातरुमालानं वारा घेत विचारतात, तुम्हा लोकांना थंडीतले मुहूर्त दिसत नाहीत का. दिसतात. पण परीक्षा आटोपल्या, शेत रिकामं झालं, आंबे उतरले, म्हणजे लग्न, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

मला लग्नसराई वासावरून कळते. कूलरच्या ताट्यांत नवा वाळा भरला, त्यावर पहिलं पाणी सोडलं, की जो वास सुटतो ना, तो माझ्या मनात कायमचा लग्नाचा वास होऊन बसला आहे. यंदाही संध्याकाळी अंगणात उभी राहून पाइपानं कूलरची टाकी भरत होते. आमच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन वर्षांपासून लॉन झालं आहे. पूर्वी तिथे बकऱ्या चरायच्या, आता वऱ्हाडी नाचतात. स्पीकर लावून ते आमच्या भिंतींना हादरे देतात आणि मी रोज त्यांच्या नावानं खडे फोडते. त्या संध्याकाळी ढोलताशा थांबला, गुरुजींचा आवाज आला, आणि मग भिंतीपलीकडून माझी ताई गायला लागली.

माझी ताई पौषात गेली.

टाकी भरून वाहिली, पाणी पायाखालून गेटपर्यंत गेलं, मला कळलं नाही. ताई कुणा अनोळखी मुलीला आशीर्वाद देत होती. कुण्या घाटोळांचं, कुण्या देशपांड्यांचं नाव घेत होती, ज्यांना तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिसऱ्या ओळीआधी ती नेहमी थोडा घसा साफ करायची, तोसुद्धा केला. 'सावधान' आलं तेव्हा सवयीनं माझा हात वर गेला. हातात पाइप होता.

ताई म्हणजे सुनंदा, माझ्याहून मोठी, अमरावतीला दिलेली. मी शाळेत गणित शिकवलं, तिनं कुठे नोकरी केली नाही. पण आमच्या माहेरासासरच्या, ओळखीपाळखीच्या कुठल्याही घरी मुलीचं लग्न ठरलं की देवापुढे पत्रिका ठेवायच्या आधी ताईला फोन जायचा. मंगलाष्टकं तिची. ती शब्द जुळवायची, चालही तीच लावायची, मांडवात उभं राहून म्हणायचीही तीच. मी तिच्या बाजूला उभी राहून मागून सूर ओढायचे. तिची ओळ सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या अक्षराला मी शिरायची. स्वतःहून सुरुवात मी कधीच केली नाही. लोक म्हणायचे, दोघी बहिणी छान म्हणतात. खरं म्हणजे ती म्हणायची आणि मी सोबत असायची.

ती कडवी रचायची कशी, ते पाहण्यासारखं होतं. मुलीचं शिक्षण, मुलाची कंपनी, घराण्याची कीर्ती यातलं काही ती विचारायची नाही. ती जाऊन स्वयंपाकघरात बसायची. मुलीच्या आईसोबत लसूण सोलत सोलत, पोरगी लहानपणी कोणाजवळ झोपायची, कोणाला भ्यायची, शाळेचा डबा कोण भरायचं, घरात कोण कोणाशी बोलत नाही, एवढं काढून घ्यायची. तिवशाला एका लग्नात मुलीला खरं वाढवलं होतं तिच्या विधवा काकूनं. काकू दिवसभर मागे कोठीत बसून पापडांचे डबे मोजत होती, फोटोतसुद्धा आली नाही. ताईनं तिसऱ्या कडव्यात म्हटलं, 'काकूच्या पदरात झोपत असे, ती आज झाली वधू.' आंतरपाटामागची मुलगी मान वळवून कोठीकडे बघायला लागली. मग सगळा मांडवच तिकडे बघायला लागला. काकू दारात उभी होती, हातात पापडाचा डबा तसाच. दोन मिनिटांनी तिला कोणीतरी हाताला धरून पुढे आणलं आणि तिनं पहिल्यांदा सगळ्यांसमोर त्या पोरीवर अक्षता टाकल्या. आम्ही परत येताना एसटीत ताई खिडकीशी बसून ताकाची बाटली पीत होती, आणि काही विशेष घडलं असं तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

मंगलाष्टकं किती वेळ म्हणायची हे आधी ठरत नाही. गुरुजींचं एक लक्ष घड्याळाकडे असतं. मुहूर्ताला वेळ असेल तर ते हातानं खुणावतात, ओढा अजून. मग ताई जागच्या जागी नवी ओळ जुळवायची. समोर कोण दिसलं त्याला त्यात घ्यायची. अंजनगावच्या लग्नात तिनं रुसून बसलेल्या फुफाजींना, म्हणजे मुलीच्या आत्याच्या यजमानांना, असं कडव्यात ओढलं की ते ताडकन उठून पहिल्या रांगेत आले. लोक हसत होते, डोळेही पुसत होते, आलू-वांग्याच्या भाजीचा वास मांडवात येत होता, आणि मुहूर्त केव्हा गाठला ते कळलंही नाही.

आता त्या रिवाजाचं सांगते, कारण सगळं त्यापाशीच येतं. मुलीच्या आईनं मंगलाष्टकं ऐकू नयेत अशी आमच्याकडे रीत आहे. अक्षता पडायला लागल्या की आई मांडवाबाहेर जाते आणि तुळशीला पाणी घालत बसते. का, ते कुणी धड सांगत नाही. आईचं काळीज सहन करणार नाही म्हणून, असं म्हणतात. ताईला या रीतीचा जाम राग होता. तिची मुलगी मीनल पाळण्यात होती तेव्हापासून ती म्हणायची, "मी तुळशीले पाणी-बिनी घालत बसणार नाई. माह्या पोरीचं लग्न, अन् मीच म्हणणार. कोणाले राग आला तं येऊ दे." जावा तिला हसायच्या. मीही चिडवायची की तुझं रडून-रडून एक कडवं पूर्ण होणार नाही. ती म्हणायची, मग अर्धं म्हणीन, उरलेलं तू ओढ.

मीनलचं लग्न ठरायच्या आधीच्या पावसाळ्यात ताईच्या घशात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. स्वरयंत्रच काढावं लागलं. गळ्यापाशी एक भोक राहिलं, त्यातून ती श्वास घ्यायची, वर मलमलीचा रुमाल बांधायची. आवाज संपला. कुजबूजसुद्धा नाही. डॉक्टरांनी पाटी दिली होती, पण तिला लिहायचा कंटाळा. ती ओठ हलवायची, आणि आपल्याला कळलं नाही की मांडीवर चापट मारायची. मी महिन्यातून दोनदा अमरावतीला जायचे. हळूहळू मला तिचे ओठ वाचता यायला लागले.

गेल्या वर्षीचा चैत्र मी तिच्याकडेच काढला. वैशाखात मीनलचं लग्न होतं. दुपारी भाऊजी झोपायचे, आम्ही दोघी कूलरसमोर चटईवर. एका दुपारी तिनं स्टीलचा डबा पुढे ओढला आणि त्यावर बोटांनी ठेका धरला. तो ठेका मी झोपेतही ओळखला असता. मग ओठ हलायला लागले. मीनलसाठी तिनं एक कडवं रचलं होतं. एकच. ते तिनं मला शब्दाशब्दानं दिलं, ओठांवरून. मी मोठ्यानं म्हणायची, चुकलं की चापट बसायची. बेत असा ठरला की मांडवात ती माझ्या बाजूला उभी राहील, हातानं ठेका धरील आणि मी म्हणीन. तिनं छातीवर हात ठेवून ओठांनी सांगितलं, म्हणणारी मीच, तू फक्त आवाज. मी हो म्हटलं. ते कडवं मी इथे लिहिणार नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी प्रसाद पुण्याहून आला. ताईचा मुलगा, मीनलचा मोठा भाऊ, कॉम्प्युटरमधला. त्यानं सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि मोबाइल स्पीकरला जोडला. ताई गायला लागली. तिचा तो थोडा नाकातला सूर, तो घसा साफ करणं, सगळं. जुन्या लग्नांच्या कॅसेटी आणि ताईनं पूर्वी पाठवलेले आवाजी निरोप गोळा करून त्यानं एआयकडून तिचा आवाज परत उभा केला होता. शब्दही त्याच यंत्रानं जुळवले होते, सगळ्यांची नावं घालून. भाऊजी खुर्चीत बसल्या जागी रडायला लागले. मीनल आईच्या गळ्यात पडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू. वर्ष होत आलं होतं तो आवाज ऐकून.

मग मी शब्द ऐकायला लागले. वृत्तात कुठे चूक नव्हती, मी मोजून पाहिलं. सुसंस्कृत कन्या होती, कीर्तिवंत कुळ होतं, दोन्ही घरांचे दीप होते. नावं बदलली तर ते कुठल्याही मुलीला चाललं असतं. मी स्वयंपाकघरात प्रसादला तसं म्हटलं, जरा चढ्या आवाजातच. तो पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "मावशी, मले आईचा आवाज आठवतच नव्हता. रोज आठवायची कोशिश करून राहिलो होतो. येतच नव्हता." ताई मागून आत आली होती. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि मला खुणेनं सांगितलं, त्याचं होऊ दे, शेवटचं आपलं. गुरुजींनाही तसं सांगून ठेवलं.

लग्नाच्या दिवशी आंतरपाट धरला. ताई हिरव्या शालूत, गळ्याला त्याच रंगाचा रुमाल, माझा हात धरून स्टेजची पायरी चढत होती. तेवढ्यात तिची मोठी जाऊ पुढे आली. वाईट बाई नाही. ताईच्या आजारपणात डबे तिनंच पोचवले होते. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. ती अगदी मायेनं म्हणाली, "सुनंदा, तुहा आवाज हाये न तिथं. आता तू काहून थांबते? जाय तुळशीपाशी, रीत तरी पूर्ण होऊ दे."

ताईनं तोंड उघडलं. पण तिचं म्हणणं ऐकू यायला समोरच्यानं तिच्या ओठांकडे बघावं लागायचं, आणि सगळे स्टेजकडे बघत होते. मी दोन वाक्यं बोलले, ती बॅन्जोच्या आवाजात गेली. मुहूर्त जवळ आला होता, मागून बायकांची गर्दी रेटत होती. ताईनं तांब्या घेतला. आयुष्यभर जिच्याशी भांडली त्या रीतीपुढे ती मुकाट्यानं चालायला लागली, आणि मी तिच्या मागे.

हॉलच्या मागे जनरेटरच्या शेजारी मॅनेजरनं प्लास्टिकच्या कुंडीत तुळस ठेवली होती. बाजूला आचाऱ्यांच्या कढया, मठ्ठ्याचा ड्रम, बर्फाच्या लाद्यांवर टाकलेलं पोतं. ताई उकिडवी बसली. आत स्पीकरवर ती गायला लागली आणि इथे ती तुळशीला पाणी घालायला लागली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आपलाच आवाज आपल्या पोरीला निरोप देतो आहे आणि आपल्याला आत जागा नाही, असं माणसाच्या वाट्याला याआधी कधी आलं असेल का, मला माहीत नाही. कडव्यात 'माता सुनंदा' असं नाव आलं तेव्हा ती दचकली. तिनं स्वतःचं नाव कधीच कुठल्या कडव्यात घातलं नव्हतं. म्हणणाऱ्यानं आपलं नाव घ्यायचं नसतं, ती म्हणायची.

मग गाणं संपलं. फाइल संपली होती, मुहूर्ताला अजून वेळ होता. गुरुजींनी हातानं खुणावलं असणार, ओढा अजून. पण यंत्राला हाताची खूण कोण दाखवणार? आत एकदम शांत झालं. लोक अक्षता मुठीत धरून उभे असतील. ताईनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा उजळला. तिनं तांब्यावर बोटांनी ठेका धरला. दार उघडंच होतं, मी इथूनही म्हटलं असतं तर पोचलं असतं. मी श्वास घेतला आणि थांबले. इतक्या वर्षांची सवय होती, ताई सुरू करते, मग मी शिरते.

ती सुरू झाली होती. तिचे ओठ हलत होते. मी आवाजाची वाट बघत होते.

आतून कुणीतरी ओरडलं, परत लावा, परत लावा. आणि स्पीकरवर ताई पुन्हा पहिल्यापासून गायला लागली. बाहेरच्या ताईनं ओठ मिटले. उरलेलं पाणी तुळशीत ओतलं, सगळं. कुंडीच्या तळातून गाळ वाहत तिच्या शालूच्या काठाला लागला. मी पदरानं पुसायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला. 'सावधान' झालं, बॅन्ड वाजला, आम्ही आत गेलो. लोक प्रसादच्या पाठीवर थाप मारत होते. ताईला म्हणत होते, काय गायलात, अगदी पहिल्यासारखं. तिनं सगळ्यांना हात जोडले.

नंतर या गोष्टीबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. दिवाळीत गाठ परत उठली. पौषात ती गेली.

मी काही यंत्राच्या नावानं बोटं मोडणारी बाई नाही. माझ्या अधू डोळ्यांना पेपर वाचून दाखवतो तो मोबाइलच. लोणच्याचं प्रमाण मी त्यालाच विचारते. पण ताईचा आवाज घरातून कधी निघाला हे मला कळलंच नाही. प्रसादनं आतेभावाच्या मुलीसाठी नावं बदलून ती फाइल दिली. तिनं नणंदेला दिली. मग कुण्या डीजेवाल्याकडे गेली. आता या लॉनवर, त्या लॉनवर, चिखलदऱ्याच्या हॉटेलातल्या लग्नातसुद्धा ताई गाते. लोकांना तो आवाज आवडतो. म्हणतात, घरच्या बाईसारखा वाटतो. ज्या आवाजानं कधी काकूचं नाव घेतल्याशिवाय कडवं संपवलं नाही, तो आता लसूण न सोलता, कुणाला काही न विचारता, रोज संध्याकाळी कुणालाही सुलक्षणी म्हणतो. याची तक्रार मी कुणाकडे करू? ज्यानं केलं त्यानं आईसाठी केलं.

त्या संध्याकाळी, कूलरची टाकी भरून वाहिल्यावर, मी बंगलोरला मीनलला फोन केला आणि पहिल्यांदा तिला त्या कडव्याचं सांगितलं. ती म्हणाली, मला ते आईच्या आवाजात ऐकायचं आहे. आई गेली तेव्हाही ती रडली नव्हती. रोज सकाळी ती फाइल लावते, म्हणते, मावशी, आई आहेच. दुसऱ्या दिवशी प्रसादचा फोन आला. मावशी, फक्त शब्द पाठव, आईच्याच आवाजात करून देतो, मीनलला तेवढंच पाहिजे आहे. मी विचार करते म्हटलं.

आणि खरंच विचार केला. मोह झाला. ते कडवं ताईच्या गळ्यातून ऐकायला मिळालं असतं तर मी काय दिलं नसतं? दोनदा मोबाइलवर टाइप केलं आणि पुसलं. मग लक्षात आलं की ते कडवं ताईच्या आवाजात कधी नव्हतंच. आवाज गेल्यावर तिनं ते रचलं. ओठांवर रचलं, डब्यावर वाजवलं, माझ्या गळ्यावर बेतलं. माझा सूर जिथे फाटतो तिथे तिनं मुद्दाम लहान शब्द ठेवले होते, हे मला एवढ्या महिन्यांनी कळलं. मी प्रसादला कळवलं, पाठवत नाही, मीनलला इकडे पाठव.

ती मागच्या आठवड्यात आली. दुपारी जेवून आम्ही चटईवर बसलो. आवाज ऐकू यावा म्हणून मी कूलर बंद केला. क्षणात खोली तापली, दोघींच्या कपाळावर घाम. मीनलनं मोबाइल काढला, मग काय वाटलं कोणास ठाऊक, पालथा करून ठेवला. मी डबा पुढे ओढला, ठेका धरला आणि थांबले. सवयच ती. कुणी सुरू केलं नाही. मग मी सुरू केलं. पहिल्या ओळीत श्वास कमी पडला, तिसरी बेसूर गेली, तिथे घसा साफ करावा लागला. पण पोचले शेवटापर्यंत. त्या कडव्यात तिच्या आईनं तिच्याविषयी जे ठेवलं होतं ते सगळं तिच्या हाती दिलं.

मीनल म्हणाली, "मावशी, तुझा आवाज बिलकुल आईसारखा नाई."

"नाई," मी म्हटलं. "तिचा गेला, बाई."

मग तिला रडू फुटलं, गेल्या पौषापासूनचं. मी उठून कूलर लावला, म्हणजे आवाज शेजारी जाणार नाही.